रुग्णाचे हक्क आणि सिस्टरची बाजू: वॉर्डातून वारंवार येणारे प्रश्न

मी चौतीस वर्षं महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत काढली. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, ओळखीच्यांचे ओळखीचे आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली प्रश्न पाठवत असतात. त्यांतले सारखे सारखे येणारे इथे एकत्र केले आहेत. रुग्णांचे आणि नर्सचे प्रश्न मी वेगळे काढले नाहीत, कारण बहुतेक वेळा ते एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून विचारलेले असतात. कायद्याची माहिती महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

१. रुग्णाचे हक्क असा काही कायदा आहे का, की तो नुसता भिंतीवरचा फलक?

एकच एक कायदा नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत: आजाराची माहिती, केसपेपरची प्रत, तातडीचे उपचार, संमती, गोपनीयता, दुसऱ्या डॉक्टरचं मत, दर आधी कळणं वगैरे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडच्या खाजगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले आणि हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्यामुळे तो फलक शोभेचा नाही. तो नसेल तर तीच एक तक्रार होते. बाकी बरंच काही न्यायालयांच्या निकालांतून आलेलं आहे, ते पुढे त्या त्या ठिकाणी सांगते.

सनदेत रुग्णाच्या जबाबदाऱ्याही आहेत. त्यांतली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे खरी माहिती देणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, दारू आहे, वैदूचं औषध घेतलंय, पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या, हे सिस्टरला सांगायला लाजू नका. ऑपरेशनच्या सकाळी चहा-बिस्किट घेऊन 'उपाशीच आहे' म्हणणारे आजोबा मी पाहिले आहेत. भूल दिल्यावर पोटातलं फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून तो प्रश्न आम्ही तीन-तीनदा विचारतो.

२. कोण सिस्टर, कोण मावशी हे कळत नाही. इंजेक्शन देणारी व्यक्ती खरंच नर्स आहे का, हे विचारलं तर चालेल का?

विचारा. उपचार करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा कळणं हा सनदेतला हक्क आहे. नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग यांपैकी एक अभ्यासक्रम झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती. पुरुष असतील तर आपण त्यांना ब्रदर म्हणतो. मावशी आणि वॉर्डबॉय यांच्याशिवाय वॉर्ड एक तासही चालत नाही, पण सुई टोचणं हे त्यांचं काम नाही, आणि त्यांच्यावर ते ढकललं जात असेल तर तो त्यांच्यावरही अन्याय आहे.

हे किती गंभीर आहे ते १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून दिसतं. टायफॉइडसाठी दाखल केलेल्या एका लहान मुलाला भलतंच इंजेक्शन शिरेतून दिलं गेलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. देणारी व्यक्ती पात्र नर्स नव्हती. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मानसिक यातनांसाठी वेगळे पाच लाख रुपये भरपाई कायम झाली. अपात्र माणसाला नर्स म्हणून उभं करणं हाच तिथला निष्काळजीपणा मानला गेला.

३. एका नर्सकडे किती रुग्ण असायला हवेत?

भारतीय परिचर्या परिषदेचं जुनं प्रमाण असं: वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक. आता हिशोब करा. पाच खाटांमागे एक हे प्रमाण एकूण नेमणुकांवर धरलं, तर तीन पाळ्यांत वाटल्यावर त्या क्षणी वॉर्डात पंधरा रुग्णांमागे एक नर्स उरते. त्यातून साप्ताहिक सुट्ट्या, आजारपण, बाळंतपणाच्या रजा वजा करायच्या. मी चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला एकटी उभी राहिले आहे, आणि खाली गादी टाकलेले रुग्ण त्या चाळिसात धरलेले नव्हते. अशा रात्री रुग्णाचा एकही हक्क पूर्ण पाळला जात नाही. मी पाळू शकले नाही, हे मला आजही बोचतं.

म्हणून नातेवाइकांना माझं सांगणं असं की तक्रार करताना 'सिस्टर लक्ष देत नाही' एवढंच लिहू नका. त्या पाळीला वॉर्डात किती रुग्ण आणि किती नर्स होत्या, तो आकडा लिहा. पहिल्या वाक्याने एका मुलीला मेमो मिळतो. आकड्याचं उत्तर मात्र प्रशासनाला द्यावं लागतं.

४. हाक मारूनही सिस्टर लवकर येत नाहीत. काय करावं?

जवळ जाऊन नेमकं सांगा. 'पेशंट बघा ना' याने काही कळत नाही. श्वास लागलाय, छातीत दुखतंय, रक्त येतंय, बोलण्यात फरक पडलाय, झटका आला, लघवी सकाळपासून झाली नाही, यांतलं जे असेल ते शब्दांत सांगितलंत तर हातातलं काम टाकून यावं लागतं आणि नर्स येतेच. सलाईन संपत आलंय, चादर बदलायची आहे, ही कामंही आमचीच, पण ती थोडी थांबू शकतात. पाळी बदलताना ओव्हर देणं-घेणं, म्हणजे पुढच्या नर्सला प्रत्येक रुग्णाची माहिती सोपवणं, चालू असतं, तेव्हा निकड नसेल तर मध्ये बोलू नका; त्या पंधरा मिनिटांत एक गोष्ट सांगायची राहिली तर पुढच्या पाळीत एखादा डोस चुकतो किंवा दोनदा जातो.

५. सिस्टरना रिपोर्ट विचारला की 'डॉक्टरांना विचारा' म्हणतात. त्या माहिती लपवतात का?

नाही. निदान, ऑपरेशनची शक्यता, रुग्ण वाचेल का, हे सांगणं डॉक्टरचं काम आहे आणि ते ऐकणं तुमचा हक्क आहे. राउंडच्या वेळी हजर राहा, आदल्या रात्री प्रश्न कागदावर लिहून ठेवा, आणि घरातला एकच माणूस बोलायला ठेवा. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच उत्तरं घरी जातात.

नर्सने सांगायलाच हव्यात अशा गोष्टी वेगळ्या: आता कोणतं औषध देतेय, कशासाठी, रक्तदाब किती, साखर किती, पथ्य काय. 'हे कसलं इंजेक्शन?' असं विचारणाऱ्या रुग्णाला मी कधी उद्धट मानलं नाही. एकदा एका आजींनी 'मला कालपासून ही गोळी बंद केलीय ना?' असं विचारलं म्हणून माझी चूक टळली.

६. ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची? नवऱ्याची लागतेच का?

सही रुग्णाची. रुग्ण १८ वर्षांपुढचा आणि शुद्धीवर, समजण्याच्या स्थितीत असेल, तर नवरा, मुलगा, सासरे यांची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे नीट उलगडून सांगितलं आहे. तिथे तपासणीसाठी संमती दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईला विचारून काढले गेले होते. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि पुढे लागेल म्हणून आत्ताच काढून टाकणं, जीव धोक्यात नसताना, चालत नाही.

गर्भपाताबाबत प्रश्न सगळ्यात जास्त येतात. सज्ञान स्त्रीला कायद्याने फक्त तिची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची सही मागण्याचा आधार कायद्यात नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. १८ वर्षांखाली पालकाची लेखी संमती लागते, आणि तिथे बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांना कळवण्याची जबाबदारीही येते.

तरुण नर्सना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. ऑपरेशन समजावून सांगणं डॉक्टरचं काम आहे. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करता तेव्हा त्याचा अर्थ 'माझ्यासमोर समजावलं आणि माझ्यासमोर सही झाली' असा होतो. कोऱ्या फॉर्मवर रुग्णाची सही घेऊ नका, आणि जे समोर घडलं नाही त्याची साक्ष देऊ नका. रुग्णांनीही कोरा फॉर्म परत करावा आणि मराठीत वाचून दाखवायला सांगावं.

७. रुग्ण बेशुद्ध आहे, सोबत कोणी नाही. मग संमतीसाठी उपचार थांबतात का?

थांबत नाहीत, थांबवूही नयेत. जीव वाचवण्यासाठी, संमती घेणं शक्य नसताना, चांगल्या हेतूने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये संरक्षण आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलं की आधी जीव, मग पोलिसांचे सोपस्कार. आणि हे सरकारी व खाजगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. अपघातातल्या माणसाला घेऊन येणाऱ्या वाटसरूला त्याचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. अ‍ॅसिड हल्ला किंवा बलात्कारातल्या पीडितेला प्रत्येक रुग्णालयाने, खाजगी असलं तरी, मोफत प्रथमोपचार द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, हे कायद्यात आहे आणि न दिल्यास शिक्षाही आहे.

८. आधी डिपॉझिट भरा, मग दाखल करतो, असं म्हणाले तर?

तातडीच्या अवस्थेत जीव सावरण्याइतके उपचार पैशासाठी अडवता येत नाहीत (प्रश्न ७ पहा). त्यापुढे दोन गोष्टी माहीत असाव्यात.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल, तर एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा; काउंटरवर वाद घालून सहसा काही निघत नाही.

दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच त्याला गाठा. बिल भरल्यानंतर योजना आठवली तर फारसा उपयोग होत नाही, आणि नेमकं तेच सर्रास होतं.

९. औषधं आणि तपासण्या रुग्णालयातूनच घ्यायची सक्ती आहे का?

नाही. कुठून घ्यायचं ते ठरवणं हा सनदेतला हक्क आहे, आणि आमच्या औषध दुकानातूनच खरेदीची सक्ती नाही असा फलक लावा, असं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही रुग्णालयांना सांगितलं आहे. बाहेरून आणलं तर बिल, बॅच नंबर आणि मुदत सिस्टरला दाखवा. थंड ठेवायचं औषध, उदाहरणार्थ इन्सुलिन, पिशवीत घालून दुपारच्या उन्हातून आणू नका. ते खराब झालेलं दिसत नाही, पण निकामी होतं.

१०. केसपेपरची झेरॉक्स मागितली तर सिस्टर देत नाहीत.

वॉर्डातली नर्स ती परस्पर देऊ शकत नाही, पण रुग्णालयाला द्यावीच लागते. रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच रुग्णाला कागदपत्रं द्यायला सांगितलं होतं. अर्ज नोंदणी विभागाकडे किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे करा आणि पोच घ्या. झेरॉक्सचा खर्च घेता येतो. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं कागद जपायचे असा त्याच आचारसंहितेचा नियम आहे, म्हणून उशीर करू नका.

मागताना 'इनडोअर पेपर (दाखल असतानाचे रोजचे कागद), नर्सच्या नोंदी आणि औषधांच्या चार्टसह' असं लिहा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केवळ सारांश. खरी हकिगत नर्सच्या नोंदींत असते: किती वाजता ताप वाढला, कोणत्या डॉक्टरांना कळवलं, ते किती वाजता आले.

आणि नर्स मुलींनो, म्हणूनच वेळ टाकून लिहा. आमच्या मेट्रन, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या नर्सच्या प्रमुख, म्हणायच्या, लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. चूक लिहिली गेली तर एक रेघ मारून सही करा. व्हाइटनर लावू नका, नंतर मागची वेळ टाकून भर घालू नका. रात्रभर धावपळ करून पहाटे एका ओळीत 'रात्र ठीक गेली' लिहिणाऱ्या मुलीच्या मेहनतीचा पुरावा कुठेच उरत नाही.

११. बिल पूर्ण भरलं नाही म्हणून रुग्णाला, किंवा मृतदेह, अडवून ठेवता येतो का?

येत नाही. थकबाकीसाठी मृतदेह अडवायचा नाही हे २०२१ च्या राज्याच्या नियमांत आहे, आणि बिलाच्या वादापायी रुग्णाला रोखून धरू नये हे सनदेत आहे. जबरदस्तीने थांबवणं हा अन्यायाने अटकाव करण्याचा गुन्हा ठरू शकतो. रुग्णालयाला पैसे वसूल करायचे कायदेशीर मार्ग खुले असतात, तुमचं देणं माफ होत नाही.

विम्यावर डिस्चार्ज अडकला असेल, तर विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यापासून तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा आहे. त्यापुढच्या उशिराचा जादा खर्च कंपनीने सोसायचा. या सगळ्यात दारात उभी असलेली सिस्टर बिल कमी करू शकत नाही आणि गेटपासही देऊ शकत नाही. तिच्यावर आवाज चढवून वेळच जातो.

१२. डॉक्टर नको म्हणत असताना रुग्णाला घरी नेता येतं का?

सज्ञान, शुद्धीवरचा रुग्ण स्वतः ठरवत असेल तर येतं. त्याला वॉर्डात डामा म्हणतात: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. धोका समजला अशी सही द्यावी लागते. त्या सहीने तोपर्यंतच्या उपचारांचे कागद मिळण्याचा हक्क जात नाही (प्रश्न १०), आणि आधी झालेल्या निष्काळजीपणावर पांघरूणही पडत नाही. लहान मुलाला किंवा बेशुद्ध रुग्णाला नातेवाईक असं नेऊ पाहत असतील, तर नर्सने लगेच डॉक्टरांना बोलवावं आणि काय सांगितलं ते नोंदवावं. जाताना सलाईनची सुई काढून घ्या. हाताला सुई तशीच ठेवून घरी गेलेले रुग्ण दोन दिवसांनी सुजलेला हात घेऊन परत येतात.

१३. पुरुष डॉक्टरने तपासताना, किंवा ब्रदरने कॅथेटर (लघवीची नळी) घालताना, स्त्री रुग्ण नकार देऊ शकते का?

पुरुष डॉक्टर तपासत असेल तर दुसरी स्त्री हजर असणं हा सनदेतला हक्क आहे. कॅथेटर, एनिमा, अंग पुसणं यांसाठी स्त्री नर्स मागता येते आणि शक्य तिथे दिलीच पाहिजे; जिवाची घाई असताना त्यासाठी थांबून राहू नका. पडदा ओढणं मात्र कोणत्याही वॉर्डात शक्य आहे. पडदा नसेल तर दोघींनी चादर धरायची. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं.

फोटो आणि रीलबद्दल: नर्सने वॉर्डात रील करू नये, मागे एखादा रुग्ण दिसला तरी ती त्याच्या खाजगीपणावर गदा आहे. नातेवाइकांनीही शेजारच्या खाटेकडे कॅमेरा वळवू नये. तुमच्या रुग्णाच्या पायावरच्या जखमेचा फोटो पुरावा म्हणून हवा असेल तर तो घ्या, पण आजूबाजूचे चेहरे वगळून.

१४. एचआयव्ही असल्याचं कळल्यावर खाटेला पाटी लावली. हे चालतं का?

अजिबात नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी, परवानगीशिवाय निदान उघड करणं आणि उपचारात भेदभाव, तिन्हींना मनाई केली आहे. पाटीने कोणाचं संरक्षणही होत नाही. ज्यांचं निदान झालेलं नाही असे रुग्ण वॉर्डात असतातच, म्हणून हातमोजे आणि सुईची काळजी सगळ्यांसाठी सारखीच घ्यायची असते. पाटी लावून उरलेल्यांसाठी ढिलं पडणारी नर्स स्वतःलाच धोक्यात घालते.

१५. ड्यूटीवर सुई टोचली. कोणाला सांगायची भीती वाटते. काय करू?

हा प्रश्न मला नेहमी रात्री येतो, आणि विचारणारी मुलगी बहुधा रडत असते. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने धू. बोट दाबून रक्त काढू नकोस, तोंडात घालू नकोस, ब्लीच लावू नकोस. लगेच इन्चार्ज आणि ड्यूटी डॉक्टरांना सांग, वेळ लिहून ठेव. एचआयव्ही टाळण्याची औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. सुरू केली की २८ दिवस घ्यायची. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का तेही बघायला हवं. तुझी पायाभूत रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

हे औषध मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. एचआयव्ही कायद्याने सुरक्षित कामाची जागा आणि ही औषधं देणं संस्थेवर बंधनकारक आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हिपॅटायटिस बीची लस आणि प्रशिक्षणही संस्थेवर टाकलं आहे. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची, टोपण परत लावायचं नाही. डबा भरून वाहत असेल तर तेही लिहून कळव, कारण बहुतेक सुया तिथेच टोचतात.

१६. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, किंवा लिहिलेला डोस चुकीचा वाटतोय. देऊ का?

शंका असेल तर देऊ नका, विचारा. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ ही पाच बोटं प्रत्येक वेळी मोजायची. फोनवरची ऑर्डर फक्त निकडीला घ्यायची. ऐकलं ते जसंच्या तसं परत वाचून दाखवायचं, शक्य असेल तर दुसऱ्या नर्सला ऐकवायचं, वेळ आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि आल्या आल्या त्यांची सही घ्यायची. डोस अवाजवी वाटला तर 'सर, एकदा तपासता का?' एवढं विचारायला बळ लागतं, मला माहीत आहे. डॉक्टर चिडले तरी विचारा. ऐकलं नाही तर वरिष्ठ डॉक्टर आणि इन्चार्जना कळवा, आणि कळवल्याची नोंद ठेवा. 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं' हा बचाव उघड चुकीच्या डोसला पुरत नाही. औषध स्वतःच्या मनाने लिहून देणं मात्र नर्सच्या अधिकारात नाही, रुग्णाने कितीही गयावया केली तरी.

१७. चूक झालीच तर जबाबदार कोण: नर्स, डॉक्टर की रुग्णालय?

भरपाईच्या बाबतीत कर्मचाऱ्याच्या चुकीला रुग्णालय बांधील असतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णाने प्रत्येक डॉक्टर-नर्सला नावाने पक्षकार केलं नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही. काळजी घेतली होती हे रुग्णालयाने दाखवायचं.

फौजदारी बाजू नर्सना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असं झालं तर ती मर्यादा दोन वर्षं आहे. पण त्या व्याख्येत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टरच येतो. नर्स येत नाही. एकाच टेबलाशी उभ्या असलेल्या दोघांना दोन मापं का, हा प्रश्न परिचारिका संघटनांनी लावून धरायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक लक्षात आली की पहिलं काम रुग्णाचं: डॉक्टरांना ताबडतोब सांगणं. नंतर खरी नोंद. लपवलेल्या चुकीने जितके जीव घेतलेत तितके सांगितलेल्या चुकीने घेतले नाहीत.

१८. नातेवाईक अंगावर येतात. कोणता कायदा पाठीशी आहे? आणि नुसता आवाज चढवला तरी गुन्हा होतो का?

महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, नर्स, नर्सिंगचे विद्यार्थी, इतर कर्मचारी, सरकारी-खाजगी सगळे त्यात येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तोडलेल्या यंत्राची दुप्पट किंमत भरावी लागते. मारहाणीबरोबर धमकावणं आणि कामात अडथळा आणणंही त्यात आहे. सरकारी नर्सवर हात उचलला तर न्याय संहितेचं कलम १३२ वेगळं लागतं.

आवाज चढवून प्रश्न विचारणं आणि वाट अडवून धमकावणं यांत फरक आहे. दुःखात माणूस ओरडतो, ते आम्हाला कळतं. नर्सनी एकटीने मृत्यूची बातमी देऊ नये. डॉक्टरांनी, बसवून, दुसरा माणूस सोबत घेऊन सांगावी. फिर्याद रुग्णालय प्रशासनाने द्यावी असा आग्रह धरा, म्हणजे एकट्या मुलीला ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या पडत नाहीत.

१९. नर्स एखाद्या रुग्णाची सेवा करायला नकार देऊ शकते का?

जात, धर्म, आजार, पैसा, गुन्हा या कारणांनी नाही. बेड्या घातलेला कैदीसुद्धा रुग्णच आहे. संरक्षक साधनांशिवाय संसर्गजन्य रुग्णाजवळ पाठवत असतील तर साधनं मागण्याचा पूर्ण हक्क आहे, तो लेखी वापरा. छेडछाड करणाऱ्या रुग्णाकडे जाताना सोबत मागा, पाळी बदलून मागा. सहकाऱ्याकडून किंवा वरिष्ठाकडून होत असेल तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असायलाच हवी, तिच्याकडे तीन महिन्यांत तक्रार द्या. पाळी संपली म्हणून ओव्हर न देता निघून जाणं मात्र कोणत्याही कारणाने बसत नाही.

२०. खाजगी रुग्णालयात दहा-बारा हजारांवर राबवतात. किमान पगार ठरलेला नाही का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती: २०० हून जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार, ५० खाटांखालीही किमान २० हजार. ती शिफारस आहे. राज्याने कायद्यात उतरवल्याशिवाय तुमच्या हातात पडत नाही. तोवर नेमणूकपत्र, पगाराची स्लिप आणि भविष्यनिर्वाह निधी मागा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या.

२१. तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, मग वैद्यकीय अधीक्षक; निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. खाजगी रुग्णालयासाठी २०२१ च्या नियमांनी तक्रार निवारण कक्ष ठरवून दिला आहे. महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा. नर्सच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल महाराष्ट्र परिचर्या परिषद, डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. भरपाईसाठी ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. सर्वांना पूर्ण मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयातली सेवा १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्यात येत नाही; तिथे दिवाणी न्यायालय आणि मानवी हक्क आयोग हे मार्ग उरतात.

२२. 'मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका' असं आधीच लिहून ठेवता येतं का? मग सिस्टर सेवा थांबवतात का?

लिहिता येतं. वाट लांबची होती, आणि ती एका नर्सच्या खाटेपासून सुरू झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला. त्यानंतर त्या जवळजवळ ४२ वर्षं तिथेच पडून होत्या. त्यांचं अन्न बंद करण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, पण ठरावीक परिस्थितीत कृत्रिम उपचार थांबवण्याचा मार्ग त्याच निकालाने खुला केला. २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता मिळाली, २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. प्रत्यक्ष निर्णय डॉक्टरांची दोन मंडळं घेतात. एकटा नातेवाईक किंवा एकटा डॉक्टर नाही.

सेवा थांबत नाही. यंत्र काढलं तरी तोंड ओलं करायचं, कूस बदलायची, वेदनेचं औषध द्यायचं, अंग पुसायचं. केईएमच्या परिचारिका त्या याचिकेच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. त्या बरोबर की चूक यावर मतं वेगळी असू शकतात, पण इतक्या वर्षांत अरुणाताईंच्या अंगावर एकही शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) झाला नव्हता. त्या १८ मे २०१५ ला गेल्या.

तुम्ही असा कागद केलाच तर त्याची प्रत घरच्यांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या, आणि दाखल होताना इन्चार्ज सिस्टरला सांगून केसपेपरला जोडायला लावा. कपाटातल्या कुलपात ठेवलेला कागद रात्री दोन वाजता कोणालाच सापडत नाही.